मोखेलेची पांढरी गुशेशे

१

"मी गेलो ना, की हिला माझ्या पेटीभोवती अशी फिरवा, अशी फिरवा, की मला न्यायला आलेले पूर्वज धुरानं खोकत परत गेले पाहिजेत!"

हा आवाज मी ऐकला तेव्हा शाळेच्या गणवेशात होते. सोवेटोतल्या पिमव्हिलच्या आमच्या रस्त्यावर मोखेले त्सोतेत्सी पांढऱ्या गाडीच्या टपावर हात ठेवून उभा होता आणि सगळा रस्ता पोट धरून हसत होता. नवरदेव मांडवात शब्द देतो, तसा त्यानं रस्त्याला शब्द दिला होता. दुसऱ्या कितीतरी गाड्या त्यानं मैदानात गरगर फिरवून मोडीत काढल्या. हिला मात्र एकदाही नाही. "हिची फेरी एकच," तो म्हणायचा, "आणि ती बघायला मी नसणार."

गुशेशे म्हणजे चौकोनी नाकाची जुनी बीएमडब्ल्यू. त्यातही ही ३२५ आयएस, आमच्याच देशात जन्मलेली. दोन दारं, रुंद खांदे, आणि वजन कमी व्हावं म्हणून दरवाजे नि बॉनेट ॲल्युमिनियमचं. सोवेटोनं तिच्यावर जीव टाकला आणि त्याच जिवानं तिला संपवलं. शनिवार आला की फिरवा, टायर फोडा, इंजिन जाळा. आता उरल्यात त्या हाताच्या बोटांवर. मेलेल्यांनी जिवंतांचा भाव वाढवला. एके काळी पोलीस जिला चोराची गाडी म्हणून अडवायचे, तिला आता प्रिटोरियातले लोक मऊ कापड पांघरून घरात झोपवतात. आणि कधी न फिरवलेली, मूळ रंगाची, मूळ इंजिनाची मिळाली तर एका चांगल्या घराची किंमत मोजतात.

मी पुसेलेत्सो. अशा गाड्यांची किंमत ठरवणं हे माझं काम.

त्या शनिवारी त्सोतेत्सींच्या अंगणात शुद्धीचं जेवण होतं. मोखेलेला मातीत ठेवून महिना झाला होता. सकाळीच त्याचे कपडे धुऊन नातलगांत वाटले, आणि मग त्याच्या वस्तूंना हात लावायची मोकळीक झाली. तोवर मेलेल्या माणसाची सुईसुद्धा फाटकाबाहेर जात नाही. हा नियम त्या घरात डोळ्यांत तेल घालून पाळायची राखादी म्मापुले. राखादी म्हणजे आत्या. मोखेलेची थोरली बहीण आणि साऱ्या रस्त्याची आत्या.

मोखेलेचा भाऊ मोथुसी गिऱ्हाईक घेऊनच आला होता. कोबुस नावाचा प्रिटोरियाचा गोरा, गुडघ्यापर्यंत मोजे, तोंडात सुकवलेल्या मांसाची काडी.

"आधी जेवण, मग बाजार," राखादी म्हणाली.

"राखादी, माणूस लांबून आलाय."

"मोगोडूची वजडी गरम आहे. गाडी काय थंड होणार आहे?"

पण मोथुसीनं गॅरेजचं दार वर ढकललंच. दिव्याखाली ती उभी होती. पांढरीशुभ्र, बंपरवर डावीकडे तोच जुना ओरखडा. कोबुसनं टोपी काढली.

मी खिशातून कापडात गुंडाळलेला लोहचुंबक काढला. मागच्या हिवाळ्यात विम्यासाठी मी तो याच दरवाजाला टेकवला होता. ॲल्युमिनियमवरून घसरून तो माझ्या बुटावर पडला, तेव्हा मोखेले म्हणाला होता, "बघ पोरी, ती परक्याला अंगाला लागू देत नाही!"

मी चुंबक दरवाजाला लावला.

खट्.

तो चिकटून बसला. मी बॉनेटला लावला. तिथेही खट्.

अंगणातलं गाणं थांबलं होतं की मलाच ऐकू येईनासं झालं होतं, कोण जाणे.

"मॅडम?" कोबुस म्हणाला.

"साधं पोलाद आहे," मी म्हटलं. "ही मोखेलेची गाडी नाही."

२

पहिला आवाज मोथुसीचाच.

"वांदिले कुठाय?"

वांदिले मोखेलेचा चेला. गाडी फिरवण्यात त्याच्या तोडीचा आज सोवेटोत दुसरा नाही. दफनाच्या दिवशी पेटीसमोर ही गाडी त्यानंच फिरवली होती, आणि कबरस्तानातून गॅरेजपर्यंत परतही त्यानंच आणली होती.

"त्यानंतर गॅरेजचं दार उघडलंच नाही," मोथुसी म्हणाला. "म्हणजे वाटेत बदलली. झिजलेले टायर बदलून आणतो म्हणाला, नि अख्खी दुपार गायब होता. आम्ही खुळे इथे बिअर ओतत बसलो पूर्वजांना!"

"जरा दमानं घे," राखादी म्हणाली. तिच्या हातातला डाव पातेल्यावरच थांबला होता.

"दमानं? माझ्या भावाला वर्ष होऊ दिलं नाही त्यानं!"

कोबुस टोपी घालत मला बाजूला घेऊन म्हणाला, "अस्सल सापडली तर मला कळवा. माझा शब्द कायम. पण चोरीच्या वासाची गाडी मी घेत नाही."

तो गेला. जेवणाची ताटं तशीच राहिली. मोथुसीनं सगळ्यांदेखत जाहीर केलं, "उद्या चर्च सुटलं की घरची बैठक. पोरगा गाडी कुठाय ते सांगेल, नाहीतर मी त्याला पोलिसांच्या हवाली करीन."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "रस्त्याला कळलं तर पोलिसांची वाट कोण बघतोय?"

आमच्याकडे जिवंत माणसाचं चोरलं तर लोक शिव्या देतात. मेलेल्याचं चोरलं तर लोक शिव्या देत नाहीत. गप्प होतात आणि गोळा होतात. मी वांदिलेला लहानपणापासून ओळखते. त्याच्यापाशी आहे ते एक नाव आणि दोन हात. उद्या दुपारी दोन्ही जाणार होती.

मोखेलेची बायको दिकेलेदी काळ्या पोशाखात दारात उभी होती. वांदिलेचं नाव निघालं तेव्हा तिनं डोळे मिटले. ओळखीचं दुखणं परत सुरू झाल्यावर माणूस मिटतो तसे.

मला ते मिटणं आवडलं नाही.

३

वांदिले गाड्या धुण्याच्या ठिकाणी पाण्याच्या डबक्यात बसला होता. शेजारी मांस भाजत होतं, गाणी वाजत होती, पण त्याच्याभोवती रिकामं रिंगण होतं. बातमी माझ्याआधी पोचली होती.

"या सिसी," तो म्हणाला; सिसी म्हणजे ताई. "बघून घ्या. उद्यापासून तिकीट लावणार आहेत."

"गाडी कुठे आहे?"

"माझ्या चड्डीच्या खिशात."

"वांदिले, मी मस्करी करायला आलेली नाही."

"मी तरी कुठे हसतोय?"

टायर कुठे बदलले ते त्यानं सांगितलं. दुकान खरं होतं, मालक खरा होता, पण तिथे तो एकटाच गेला होता. त्याच्या बाजूनं बोलेल असा माणूस नाही. मग त्यानं स्वतःहून फोन पुढे केला. "हे बघा. निदान माझा हात बघा. असा हात चोराचा असतो?"

दफनाच्या दिवसाची चित्रफीत होती. मीही त्या गर्दीत होते. पण तेव्हा डोळ्यांत पाणी होतं, आता नव्हतं. पांढरा धूर, काळी पेटी, मधे तांबडी माती. धुराच्या पोटातून गाडीचं नाक बाहेर येतं, वळतं, शेपूट झाडून पुन्हा धुरात शिरतं. वांदिले कमरेपर्यंत खिडकीबाहेर, एक हात आभाळाकडे. बायका किंचाळतायत. आणि प्रत्येक फेरीत क्षणभर दिसतो दरवाजा, त्यावर निळी पट्टी.

"थांब. मागे घे. ती निळी पट्टी कसली?"

"दफनवाल्यांची पाटी. निघायच्या आधी घरच्या सगळ्या गाड्यांना लावतात. तुमच्याही गाडीला होती."

होती. घरी गेल्यावर मीच ती केळ्याच्या सालीसारखी सोलून काढली होती. ना डिंक, ना दोरी.

"वांदिले, ती पाटी चुंबकाची असते."

त्याचा चेहरा बदलत गेला. मलाही स्वतःची लाज वाटली. चुंबक खिशात घेऊन फिरणारी मी, त्या दिवशी डोळ्यांसमोर पाटी गरगरत होती आणि मी नाक पुसत होते.

"म्हणजे दफनानंतर काही बदललंच नाही," मी म्हटलं. "पेटीसमोर फिरली तीच पोलादाची. गाडी आधीच गेली होती."

"म्हणजे मी सुटलो?"

"नाही. तू आणखी अडकलास. तू तिच्यात बसला होतास. तुझ्या हाताला कळलं नाही, हे मी मानणार नाही."

त्यानं पाण्याचा नळ बंद केला.

"पहिल्याच वळणाला कळलं," तो म्हणाला. "खरीचं नाक हलकं, सिसी. नुसतं बघितलं तरी वळते. ही नाकानं जड होती, ओढून ओढून वळवावी लागत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"काय करू? पेटी समोर, सगळा सोवेटो भोवती. गाडी थांबवून सांगू, की अहो, चुकीची बाई नाचतेय? मी फिरवत राहिलो. न्ताते मोखेलेची, बापासारख्या माणसाची, माफी मागत फिरवत राहिलो."

"आणि नंतर महिनाभर?"

त्यानं हातातलं फडकं पिळून बाजूला टाकलं. मग म्हणाला, "मला वाटलं, मा दिकेलेदीनं विकली. तिचीच वस्तू. नियमाआधी विकली म्हणून तिला रस्त्यात उघडं पाडू? तिनं मला जेवू घातलंय."

"तिनंच विकली असं का वाटलं?"

"कारण गॅरेजची किल्ली तो आठवडाभर तिच्या अंगाखाली होती, सिसी."

४

आमच्याकडे विधवा दफनापर्यंत गादीवर बसते. खोलीतलं सामान काढतात, आरसा भिंतीकडे वळवतात, जमिनीवर गादी घालतात आणि तिला घोंगडी पांघरून बसवतात. ती बाहेर जात नाही, पुरुष आत येत नाहीत. किल्ली त्या गादीखाली होती.

दिकेलेदीनं मला रूइबोस चहा दिला आणि स्वतः घेतला नाही.

"तू विकलीस का?" मी सरळ विचारलं.

"मी?" ती कडवट हसली. "मी तिच्यात कधी बसलेही नाही, पुसे. लग्नाला एवढी वर्षं झाली. आधी बुटाला माती असायची, मग मूल कडेवर असायचं, मग मीच म्हणायला लागले, नको. ती विकायला मला आवडलं असतं, हे मात्र खरं. ती विकून मला मागची जागा घ्यायची होती, शिवणाची चार यंत्रं टाकायची होती. म्हणून तर शुद्धीची वाट बघत होते."

"मग वांदिलेचं नाव निघाल्यावर डोळे का मिटलेस?"

"कारण मलाही वाटलं की त्यानंच नेली. आणि तरीही त्याला मारलेलं मला बघवणार नाही. मोखेले त्याला लेक म्हणायचा."

दोघं एकमेकांना चोर समजून एकमेकांना झाकत बसली होती. मी कप खाली ठेवला.

"किल्ली कधी दुसऱ्याच्या हातात गेली?"

"गादीवर माझ्या शेजारी राखादी असायची. रात्रंदिवस. दुसरं कुणी नाही."

"आणि घर कधी रिकामं होतं?"

"कधीच नाही. अंगणात तंबू, चुली, माणसंच माणसं." मग ती थांबली. "शुक्रवारी दुपारी. सगळे मोखेलेला शवागारातून आणायला गेले तेव्हा. आम्ही दोघीच होतो." ती माझ्याकडे न बघता शालीची किनार मुडपत राहिली. "पुसे, तुला सांगते, पण हसू नकोस. त्या दुपारी मला त्याची गाडी ऐकू आली. सुरू झाली, दोन वेळा गुरगुरली, बंद झाली. मी म्हटलं, राखादी, मोखेले आला. ती म्हणाली, नाही गं, गाईचा ट्रक आहे. मला वाटलं, माझं डोकं फिरलं. म्हणून कुणाला बोलले नाही."

"गाईचा ट्रक?"

"दफनाच्या जेवणाची गाय राखादीनं गावाहून आणवली होती, हेलब्रॉनहून. ट्रक तिच्या जावयाचा. गाय उतरवून रिकामा परत गेला."

रिकामा. मी तो शब्द मनात बाजूला ठेवला.

"गॅरेजमागे ताडपत्रीखाली आणखी एक गुशेशे होती ना?"

"सुट्या भागांसाठी घेतलेली. आजारपणातही दिवसभर तिच्याशीच खुडबुड. रंगाचा वास घरात यायचा. मी ओरडायचे, फुप्फुस उरलंय का तुला? ती भंगारवाल्यांनी नेली. मोथुसीनं दिली असेल."

मोथुसी फाटकाशीच भेटला. "मी कशाला देऊ? शुक्रवारी परत आलो तर मागची जागा मोकळी. मला वाटलं, तंबूसाठी राखादीनं उचलायला लावली." मग त्यानं डोळे बारीक केले. "तू फार विचारतेयस, पोरी. त्या पोरानं तुला काय कबूल केलं?"

"तुम्ही कोबुसला कधीपासून ओळखता?" मी उलट विचारलं.

त्याची मान ताठ झाली. "मोखेले जिवंत होता तेव्हापासून. मीच सांगायचो त्याला, वीक, भाव आहे तोवर वीक. ऐकलं नाही. रस्त्याला शब्द दिलाय म्हणे!"

एका अंगणात दोन गाड्या होत्या. एक गेली, एक राहिली. सगळ्यांनी मानलं की भंगार गेलं.

अंगणात राखादी भोपळा सोलत बसली होती. ती स्वतःशीच गुणगुणत होती, तिच्या गावच्या चालीत:

भाऊ माझा गेला, तांबड्या वाटेनं
मागं वळून पाही, एकाच डोळ्यानं
बहीण मी थोरली, कुणा सांगू काय
ओठाशी आलेलं, गिळून जाय

मला बघून ती थांबली.

५

रविवारी सकाळी मी गॅरेज पुन्हा उघडून घेतलं आणि त्या खोट्या गाडीत जाऊन बसले. आदल्या दिवशी चुंबक चिकटल्यावर मी पुढचं काही पाहिलंच नव्हतं. किंमत ठरवणाऱ्यानं असं करायचं नसतं.

बाजूची सीट साधी, कुठल्याही गाडीची. मी बसले होते ती मात्र खोल, दोन्ही बाजूंनी कवेत घेणारी. अस्सल ३२५ आयएसची. अशी सीट आता मिळत नाही; मिळाली तर लोक नुसत्या सीटसाठी विमानानं येतात. डाव्या कडेला उसवलेली शिवण निळ्या दोऱ्यानं घातली होती. मी दिकेलेदीला हाक मारली.

"हा टाका कुणाचा?"

"माझाच. पांढरा दोरा संपला होता. तो महिनाभर कुरकुरत होता." ती वाकली, आणि तशीच राहिली. "म्हणजे ही सीट त्याची?"

"त्याचीच."

ती आत गेल्यावरही मी बसून राहिले. चोराला बाजारभाव माहीत असेल, तर ही सीट तो खोट्या गाडीत सोडणार नाही. तिच्याशिवाय खऱ्या गाडीची किंमतच उतरते. आणि बाजारभाव माहीत नसेल, तर चोरी करायचीच कशाला? शिवाय बंपरवरचा तो ओरखडा. तो जसाच्या तसा उतरवायला खरी गाडी शेजारी लागते, रंग लागतो, वाळायला दिवस लागतात. हे दफनाच्या आठवड्यात होत नाही. ही गाडी मोखेले जिवंत असताना तयार झाली, त्याच्या नाकासमोर, त्याच्या रंगाच्या वासात. आणि वांदिलेच्या पाठीला ओळखीचं वाटावं म्हणून कुणीतरी स्वतःची सीट काढून तिच्यात बसवली.

असं करणारा माणूस एकच होता, आणि तो मातीखाली होता.

पण मेलेला माणूस गादीखालून किल्ली काढत नाही.

राखादी मागच्या खोलीत होती. चर्चचा गणवेश चढवत होती, लाल ब्लाउज, पांढरी कॉलर. मी दार लावून घेतलं.

"राखादी, हेलब्रॉनचा ट्रक रिकामा गेला नाही ना?"

ती कॉलरची पिन लावत राहिली. पिन दोनदा निसटली.

"तुझी आई भारी बोलकी होती," ती म्हणाली. "तू तिच्यावर गेलीस."

"गाडी मोखेलेनं तयार केली. तुम्ही फक्त बदलली. का ते मला माहीत नाही. पण आज दुपारी वांदिलेला फरफटत नेतील."

"मी शब्द दिलाय."

"त्या शब्दात वांदिले होता का?"

राखादीनं टोपी घातली, प्रार्थनेचं पुस्तक उचललं आणि माझ्या अंगावरूनच दाराकडे गेली. कडीवर हात ठेवून म्हणाली, "तू बोलू नकोस. तू बोललीस तर ती चहाडी होईल."

"आणि मी नाही बोलले तर?"

ती गेली. माझ्याकडे पुरावा नव्हता. सीट होती, पाटी होती, आणि एका विधवेनं ऐकलेला आवाज होता, ज्यावर तिचा स्वतःचाच विश्वास नव्हता.

६

बैठकीच्या खोलीत सोफ्यावर बायका, भिंतीशी पुरुष आणि मधे एका लाकडी खुर्चीवर वांदिले. खिडकीबाहेर रस्ता उभा होता. कुणी बोलत नव्हतं. बोलत असते तर बरं वाटलं असतं.

मी पाटीचं सांगितलं. चित्रफीत दाखवली. चुंबक एकदा शेगडीला लावला, एकदा ॲल्युमिनियमच्या पातेल्याला. पातेल्यावरून तो घसरून खाली पडला. "म्हणजे दफनाच्या सकाळीच गाडी खोटी होती," मी म्हटलं. "वांदिलेच्या हातात ती त्यानंतर आली."

पुरुषांत कुजबुज झाली. क्षणभर वाटलं, सुटला.

"असं?" मोथुसी उठला. "मग एकच सांग, पोरा. तू गुशेशेचा राजा ना? पोलाद नि ॲल्युमिनियम तुझ्या बुडाला कळलं नाही?"

वांदिलेनं माझ्याकडे पाहिलं नाही. दिकेलेदीकडे पाहिलं.

"कळलं," तो म्हणाला.

खोली हलली.

"कळलं! आणि महिनाभर गप्प! ऐका, ऐका सगळ्यांनी!" मोथुसीचा हात खिडकीकडे गेला. "चोराला ओळखून जो गप्प बसतो तो चोरच. कुणाला झाकतोयस? बोल!"

"कुणालाच नाही."

"मला झाकतोय तो," दिकेलेदी म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "त्याला वाटतं मी विकली. आणि मला वाटलं त्यानं नेली. विचार ना मला, भाऊजी! मला पण त्या खुर्चीवर बसव!"

"तू मधे पडू नकोस."

"का? माझा नवरा, माझी गाडी, आणि मीच मधे पडू नको?"

बाहेर कुणीतरी फाटक हलवलं. लोखंड वाजलं. वांदिलेचे हात मांडीवर होते. मोथुसी दाराकडे निघाला.

"थांबा," मी म्हटलं. "अजून एक जण बोलायचा राहिलाय."

"कोण?"

मी कुणाकडेही पाहिलं नाही. जमिनीवरच्या चुंबकाकडे पाहत राहिले. मला वाटलं, ती बोलणार नाही. मग लाल ब्लाउजची घडी सरसरली.

"दार लाव, मोथुसी," राखादी म्हणाली. "तू पण बस. गाडी मी नेली."

"राखादी, गंमत करू नका."

"मी कधी गंमत केलीय? गादीखालून किल्ली मी काढली. तुम्ही त्याला आणायला गेलात तेव्हा. जावयानं खरी ट्रकात चढवली, ताडपत्रीखालची गॅरेजमध्ये ढकलली. खरी माझ्या घरी आहे, हेलब्रॉनला, चर्चच्या घोंगड्यांखाली. मेलेल्याची सुई बाहेर जाऊ देत नाही म्हणून तुम्ही मला घाबरता ना? मी त्याची अख्खी गाडी बाहेर काढली. कपडे धुवायच्या आधी."

मोथुसी भिंतीला टेकला. "पण का?"

"कारण हे करायच्या आधीच मोखेले गेला. त्यानं ठरवलं होतं की खरी गाडी स्वतःच्या हातानं माझ्याकडे पाठवीन. खोटी तयार झाली, सीट बसवली, आणि मग उठवेना. मला म्हणाला, ताई, आता तूच कर."

"भाऊ असं करणार नाही! त्यानं रस्त्याला शब्द दिला होता. सगळ्यांसमोर!"

"होय. म्हणूनच रस्त्याला फेरी मिळाली. धूर मिळाला, नाच मिळाला. तुम्ही सगळे पोट भरून रडलात." ती वांदिलेकडे वळली. "तुला कळेल असं त्याला वाटलं नव्हतं, लेकरा. तुझ्या पाठीला फसवायला सीट ठेवली, पण तुझे हात विसरला. मी काल बोलायला हवं होतं. तुझ्या नावाचा चिखल झाला तरी मी त्याच्या नावाला जपत बसले."

वांदिले खुर्चीवरून उठला आणि तिच्या पायाशी खाली बसला. तिनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि मग दिकेलेदीकडे पाहिलं.

"गाडी न फिरवता ठेवली तरच तिला भाव आहे, हे मोथुसीनं त्याच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं. तो वर वर हसायचा. मग आजारी पडला, आणि तुझी शिवणाची यंत्रं आठवून त्याला झोप लागेना. तू कधी मागितली नव्हतीस म्हणून जास्तच. मला म्हणाला, ताई, रस्त्याला दिलेले सगळे शब्द मी पाळले. बायकोला मी कधी शब्दच दिला नाही. तेवढा एक न दिलेला पाळू दे."

दिकेलेदीचा हात तोंडाशी गेला.

"हे तुला शुद्धीनंतर सांगायचं होतं," राखादी म्हणाली. "तुला एकटीला. चारचौघांत नको, म्हणाला होता. त्याला लाज वाटत होती गं."